वन्सं, आपली पोती सुटली

वन्सं,

तुम्हाला वाकून नमस्कार. या वेळी तो नुसता कागदावर करून भागणार नाही हे मला कळतं. पण तुम्ही बसला आहात सातासमुद्रापलीकडे आणि मी बसले आहे आपल्या बायकांच्या संस्थेच्या वजनकाट्याशेजारी, पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून, तेव्हा भेट होईपर्यंत हाच गोड मानून घ्या. खांदा कसा आहे? मशीनवर वाकून लोकांच्या पँटी लांब-आखूड करणाऱ्यांचा खांदा धरायचाच, असं आमचे डॉक्टर म्हणतात. (ते जनावरांचे डॉक्टर आहेत, पण खांदा तो खांदा.) इकडे आईंचे गुडघे सोडले तर सगळ्यांचं बरं चाललं आहे.

बंदरात अडकलेली कॉफीची पोती सुटल्याचं तुमच्या बंधूंनी फोनवर सांगितलं असेलच. पण ह्यांचं फोनवरचं सांगणं म्हणजे ‘हां’, ‘हूं’ आणि ‘बरं, ठेवतो’. तेवढ्यात काय काय झालं ते तुम्हाला कुठून कळणार? आणि तुम्ही तिकडे जे केलंत ते आम्हाला तरी तुम्ही कुठे धड सांगितलंत? ‘जाऊन आले जरा कचेरीत,’ एवढंच बोललात. ते बाकीचं आम्हाला परक्या बाईच्या तोंडून ऐकावं लागलं. म्हणून म्हटलं, सगळं पहिल्यापासून सविस्तर लिहावं. वेळ काढून वाचा, गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवा.

सुरुवात झाली त्या नव्या कायद्याने. तुमच्या तिकडच्या सरकारने ठरवलं की जंगल तोडून पिकवलेली कुठलीही वस्तू देशात येऊ द्यायची नाही. संस्थेची चिटणीस म्हणून बैठकीत मी हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. चांगला कायदा आहे, म्हणाल्या. झाडं गेली की झरे जातात हे आम्हाला कोणी कायद्याने शिकवायला नको. वन्सं, आमचं कायद्याशी वाकडं कधीच नव्हतं. कायद्याचं आमच्याशी वाकडं आहे हे मागाहून कळलं. (तशी तिकडच्या कारभाराची तऱ्हा आम्हाला आधी कळायला हवी होती. त्यांच्या एका खात्याने आम्हाला कॉफी भाजायचं यंत्र भेट दिलं, गरीब देशातल्या बायकांनी पुढे यावं म्हणून. यंत्र बसवलं, फीत कापली, फोटो निघाले. मग कळलं की दुसऱ्या खात्याचा नियम असा की कच्ची कॉफी आली तर जकात नाही, भाजलेली आली तर जकात. आई म्हणाल्या, ‘म्हणजे यांना सून हवी, पण शिकलेली नको.’ त्या यंत्रात सध्या संस्थेच्या छत्र्या ठेवतो.)

तर कायद्यापाठोपाठ आपली कॉफी घेणाऱ्या कंपनीचा निरोप आला, की प्रत्येकीने आपापल्या मळ्याच्या हद्दीवरून फोन हातात धरून चालायचं, म्हणजे नकाशा आपोआप निघेल आणि तो उपग्रहाला दाखवता येईल. सोपं काम. मी आपल्या मळ्याचं काम तुमच्या बंधूंवर सोपवलं, आणि इथेच माझं चुकलं. तुम्हाला त्यांचा स्वभाव माझ्याआधीपासून ठाऊक आहे. हे फोन खिशात टाकून निघाले ते सरळ वरच्या बांधापर्यंत नीट गेले. मग ओढ्यावर पाणी किती आहे ते बघायला उतरले. मग शेजारचे फौजदार हाक मारतात म्हणून त्यांच्याकडे वळले. (फौजदार म्हणजे ते निवृत्त पोलीस, ज्यांच्या मिशीला तुम्ही एकदा झाडू म्हणाला होतात.) तिथे स्वयंपाकघरात बसून चहा झाला, राजकारण झालं, आणि परत येताना विसरलेली टोपी आणायला हे पुन्हा एकदा तिकडे जाऊन आले. फोन खिशात बिचारा इमानेइतबारे रेघ ओढतोच आहे. नकाशा निघाला तेव्हा आपला मळा अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा दिसत होता आणि कोंबडीची चोच फौजदारांच्या चुलीत होती.

फौजदार तणतणत आले. माझं स्वयंपाकघर तुमच्या संस्थेत कोणी घेतलं, म्हणाले. मी माफी मागितली, नकाशा पुसते म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘आता घेतलंच आहे, तर मग सभासदांना वाटलेलं ते खत मला का नाही मिळालं?’

मळा पुन्हा चालून घेतला. या वेळी मी स्वतः चालले आणि वाटेत देव भेटला असता तरी वळले नसते. सगळ्या सभासदांचे नकाशे एकत्र करून धाडून दिले. पुढे कुठे, कोणाच्या हातून, हे आजवर कळलेलं नाही, पण अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश पडले. तिकडून विचारणा आली. फार सभ्य भाषा होती, वन्सं. त्यांनी लिहिलं होतं, आपण दिलेल्या माहितीनुसार आपल्या संस्थेची संपूर्ण लागवड खोल समुद्रात आहे, तरी कॉफीच्या पिकाची पद्धत कृपया स्पष्ट करावी. हे मी काट्यावर उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. कोणी हसेना. शेवटी आई म्हणाल्या, ‘इतकी वर्षं पितात, खारट नाही का लागली त्यांना?’ तेव्हा कुठे बायका हसल्या, आणि हसू लागल्या त्या थांबेचनात. ते हसू पुढे फार दिवस पुरवावं लागलं.

कारण आकडे सरळ केले, आपण समुद्रातून वर आलो, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. तुम्हाला मी सांगायला नको, आपली कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. वरून बघणाऱ्याला कॉफी दिसतच नाही, नुसती झाडं दिसतात. तेव्हा पहिलं पत्र आलं की उपग्रहाच्या मते इथे जंगल आहे, जंगलात कॉफी का लावली? त्याचं उत्तर लिहीत होते तोवर दुसरं पत्र आलं. दोन वर्षांची चित्रं ताडून पाहता इथलं जंगल कमी झालेलं आहे, जंगल तोडून कॉफी का लावली? अहो, आम्ही फांद्या छाटल्या होत्या! कॉफीला ऊन लागायला नको का? डोक्यावरचे केस कापले म्हणून माणूस मेला असं कोणी म्हणतं का? पण उपग्रहाला हे कोण सांगणार? त्याने आपल्या टेकडीवर तांबडा डाग मारला आणि पोती बंदरात अडकली.

वन्सं, इथवर गमतीने लिहिलं, पण त्या दिवसांत आमची दातखीळ बसली होती. बंदराच्या गोदामात खारी, दमट हवा. तागाची पोती ती हवा पितात आणि कॉफीला बुरशी धरते. वर्षाची मेहनत तिथे भिजत पडलेली आणि इकडे आपण दारात उभ्या. बायका रोज संस्थेत येऊन माझ्या तोंडाकडे बघायच्या. कोणी काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. ‘चिटणीस’ या शब्दाची मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

असा वास अडत्याला बरोबर लागतो. हा आपला जुनाच अडत्या, ज्याच्या तावडीतून सुटायला ही संस्था काढली. रोज येऊन पायरीवर बसायला लागला. बोलणं साखरेत घोळलेलं. म्हणे, कशाला त्या परदेशी पाहुण्यांचे लाड करता? झाडं तोडा, लाकूड मी घेतो. जमीन मोकळी झाली की असं पीक लावा ज्याला कोणी कागद विचारत नाही, तेही मीच घेतो. जंगल वाचवायच्या कायद्यामुळे आमच्या दारात कुऱ्हाड आली, हे मला त्या पायरीकडे बघताना समजलं. त्या कायदा करणाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी तो भल्या मनानेच केला असेल. पण मोठं माणूस कूस बदलतं तेव्हा शेजारी निजलेलं पोर चेंगरतं, आणि मोठ्याला झोपेत कळतसुद्धा नाही.

आणि कोणाचं मन डळमळलं असेल, तर आपल्या धाकटीचं, माझ्या जावेचं. तिला मी दोष देत नाही. मुलाचं शिक्षण ऐन मध्यावर, घरात मिळवतं दुसरं कोणी नाही. तिने कोणाला न सांगता लाकूडतोडे ठरवले. ते करवत घेऊन आले तेव्हा तिच्या मळ्यात आई आधीच जाऊन बसल्या होत्या. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, पाय पसरून. लाकूडतोडे म्हणाले, आजी, बाजूला व्हा. आई म्हणाल्या, ‘होते की. पण माझे गुडघे असे आहेत की एकदा बसले की उठायला वेळ लागतो. तुम्ही बसा ना तोवर.’ ते बसले. आईंनी त्यांची चौकशी केली, गावाची, पोरांची, करवतीला धार कुठून लावता त्याची. बराच वेळ गेला. एकाने हात पुढे केला, ‘चला, उठवतो.’ आई म्हणाल्या, ‘आज नको, आज फार दुखतंय.’ दुपार कलली तेव्हा लाकूडतोडे वैतागून निघून गेले. धाकटी बांधावर उभी राहून रडत होती. आईंनी तिलाच हाक मारली आणि तिचा हात धरून चटकन उठल्या. इतक्या चटकन, की धाकटीचं रडू थांबलं आणि ती म्हणाली, ‘आई, तुमचे गुडघे!’ आई म्हणाल्या, ‘ते परक्यांपुढे दुखतात.’

पण हे नाटक रोज कुठे चालणार? ह्यांनी तुम्हाला फोन केला तो त्याच दिवशी. आणि मग महिन्या-दीड महिन्यात, सोडलेल्या बाणासारख्या, तिकडच्या कचेरीच्या तपासनीसबाई आपल्या टेकडीवर हजर झाल्या. जाड बूट, पाठीवर पिशवी, हातात बोलणारा फोन. आपण आपल्या भाषेत बोलायचं, फोन त्यांच्या भाषेत सांगणार. आईंना हा प्रकार फार आवडला. त्या फोनच्या अगदी तोंडाशी जाऊन म्हणाल्या, ‘ही झाडं म्हणजे माझी लेकरं आहेत.’ फोनने काहीतरी सांगितलं आणि तपासनीसबाईंचा चेहरा एकदम कडक झाला. त्यांनी विचारलं ते फोनने आम्हाला ऐकवलं, ‘झाडांवर तुमची मुलं कामाला आहेत? त्यांची वयं काय?’ आई अभिमानाने म्हणाल्या, ‘काही चाळिशीची आहेत, काही त्याहून मोठी, आणि सगळी रात्रंदिवस उभी असतात.’ हे समजावून मिटवेपर्यंत माझा घसा बसला.

मग बाई उतारावर पाहणीला निघाल्या. ओला पाचोळा होता, मी सांगत होते, पण ते फोनला ऐकू गेलं नाही. बाईंचा पाय सटकला आणि त्या घसरगुंडीवरून जावं तशा खाली गेल्या त्या एका बुंध्याला अडून थांबल्या. हे मागोमाग धावले, आणि ह्यांच्या पायाचा भरवसा नाही हे तुम्हाला माहीतच आहे, तेही घसरून बाईंच्या शेजारी जाऊन पडले. आम्ही वरून बघतोय. संपलं, म्हटलं, आता तांबड्या डागाबरोबर मोडलेला पायही आपल्या नावावर. बाई पाठीवर पडून वर बघत होत्या. आम्ही उतरायला लागलो तर त्यांनी हात वर केला, थांबा. बराच वेळ त्या तशाच पडून राहिल्या. मग फोन बोलला, ‘ही झाडं ओळीत आहेत.’

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. वन्सं, मी इतकी वर्षं त्या झाडांखाली वावरले, पण पाठीवर निजून कधी वर पाहिलं नव्हतं. खालून बघितलं की शेंडे एकामागे एक, एकामागे एक, शिवणीच्या टाक्यांसारखे. बाई हसायला लागल्या. जंगल असं रांगेत उभं राहत नाही, म्हणाल्या. कोणी लावली? आई म्हणाल्या, ‘मी. आणि माझ्या लेकीने पाणी घातलं. उघडी टेकडी होती, माती सगळी ओढ्यात जायची. वाकडं लावलेलं लेकीला चालत नसे, रोप उपटून पुन्हा लावायची.’ तोवर बाईंनी छाटलेल्या फांद्यांचे फुटवेही बघितले होते. पाय नुसता मुरगळला होता. आमच्या डॉक्टरांनी बांधून दिला. (पट्टी वासराची होती, पण बाईंना सांगितलं नाही.)

आणि मग ओसरीत पाय उशीवर ठेवून, कॉफी पीत, बाईंनी तुमची गोष्ट सांगितली. त्यांना ठाऊक नव्हतं की आम्ही तुमच्या कोण. म्हणाल्या, आमच्या कचेरीत एक शिवणकाम करणारी बाई यायची. दुकान बंद असेल त्या दिवशी सकाळी दार उघडताच हजर. बरोबर थर्मास. खिडकीवरचा कारकून म्हणायचा, अर्ज ऑनलाइन करा. बाई म्हणायची, केलाय, आता तुम्ही कॉफी प्या. तो म्हणायचा, कामावर असताना काही घेता येत नाही. बाई म्हणायची, मग कोट द्या, अस्तर फाटलंय, लाज वाटत नाही का सरकारी माणसाला? आणि तिथेच बाकावर बसून अस्तर शिवता शिवता सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात टेकडीची हकीकत सांगायची. पुढच्या खेपेला कारकुनाच्या शेजारचाही कोट घेऊन उभा. शेवटी साहेब बाहेर आले, विचारायला, की हे काय चाललंय, आणि त्यांच्याच बाहीचं बटण लोंबत होतं. तपासनीसबाई म्हणाल्या, एवढ्या लांबच्या छोट्या संस्थेच्या पाहणीला माणूस पाठवायची आमची रीत नाही. नियमातही बसत नाही. पण साहेब म्हणाले, कोणीतरी जा बाई, नाहीतर ती माझी पँटही उतरवून घेईल.

वन्सं, आम्ही पोट धरून हसलो. मग हे उठून बाहेर गेले आणि उगाचच हातगाडीच्या चाकाला तेल घालत बसले. तुमच्या जिभेला मी लग्न झाल्यापासून घाबरत आले. मी उकळलेल्या पहिल्या कॉफीला तुम्ही ‘गरम पाणी बरं झालंय’ म्हणाला होतात, ते मी अजून ऐकते. त्या जिभेचे मी आज हात जोडून आभार मानते. ती माझ्यावर चालली तेव्हा तिची धार वाढत होती, असंच मी समजते. आपल्याकडून किती पत्रं गेली, किती ठराव गेले, आपल्या सरकारचे लोक मोठमोठ्या परिषदांना जाऊन मागच्या रांगेत बसून आले. त्यांचंही ऐकलं असेलच कोणी. पण माणूस आला तो तुमच्यामुळे.

तांबडा डाग निघाला. आपल्या टेकडीपुढे आता ‘लावलेली सावली’ असा शेरा आहे, आणि तो आधी त्यांच्या कागदात कुठे नव्हताच, बाईंनी नव्याने घालून घेतला. पोती सुटली. थोडी खराब झाली ती झाली. धाकटीचा मुलगा शाळेत जातो आहे. लाकूडतोडे परवा पुन्हा आले होते, धाकटीकडे नव्हे, आईंना भेटायला. अडत्या पायरीवरून उठला आहे, लांब गेलेला नाही, पण उठला आहे. आईंनी तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत. जेवण वेळेवर करा, खांद्याला शेक द्या. सगळ्या सभासद बायकांचा, फौजदारांसकट, तुम्हाला नमस्कार.

तुमची,
गरम पाणी उकळणारी वहिनी

ता. क. – सोबत पुडी पाठवली आहे. आपल्याच मळ्यातली, कच्ची. भाजून घ्या.

ता. क. दुसरा – लिहू की नको असं चाललं होतं, हे नको म्हणतात. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर आपल्यासारखीच एक संस्था आहे. त्यांचीही झाडं लावलेली, त्यांच्याही टेकडीवर तांबडा डाग. त्यांची पोती अजून बंदरातच आहेत, कारण आपला शेरा फक्त आपल्यापुरता आहे. त्यांच्यातलं कोणी परदेशात नाही. त्यांच्या चिटणीस काल मला भेटायला आल्या. त्या माझ्या तोंडाकडे नुसत्या बघत बसल्या आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. मी त्यांना सांगितलं, तिकडे आपली एक नणंद आहे. ‘आपली’ म्हटलं, वन्सं. चालेल ना?

ता. क. तिसरा – तुमचा नंबर दिला आहे. त्या फोन करतील. बोलायच्या आधी थोड्या रडतात, रडू द्या.